इथे माणूस आहे

४ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! घरून निघताना अंगावर दोन-दोन स्वेटर, कानटोप्या आणि लाल झालेली नाकं; आणि इथे लाँचमधून उतरलो तर धक्क्यावरच सगळं काढून पिशवीत कोंबावं लागलं. चिमणीने मोजेसुद्धा काढले आणि अनवाणी उड्या मारत सुटली. चिमणी म्हणजे आमची लेक, वय वर्षं नऊ. शाळेने तिला सुट्टीची रोजनिशी लिहायला सांगितली आहे. एकटी लिहायला बसत नाही, म्हणून मीही एक वही आणली. दोघी समोरासमोर बसून लिहितो आहोत. तिचं दोन ओळींत आटोपलं.

लाँच खचाखच भरली होती, पण मी आधी घुसले आणि तीन जागा धरल्या. एकीवर रुमाल, एकीवर पर्स, एकीवर मी. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही. नवरा मागून सामान घेऊन घामाघूम होत आला तेव्हा ही बाई आपल्या ओळखीची नाही असा चेहरा करून उभा होता. त्याला माझ्या जागा धरण्याची लाज वाटते, त्या जागेवर बसायची मात्र वाटत नाही. घरात दोघं मला मॉनिटर म्हणतात. म्हणोत बापडी. मी नसते तर यांचा जन्म उभ्यानेच गेला असता.

चिमणीलाही मी ही विद्या शिकवते आहे. वस्तू टाकायची, दुसरीकडे बघायचं आणि कोणी विचारलंच तर न अडखळता सांगायचं, इथे माणूस आहे. येणार आहे असं नाही म्हणायचं. येणाऱ्यावरून लोक हुज्जत घालतात.

नवऱ्याचं काम मोजण्याचं. कुठेही चढलो-उतरलो की बोटाने आधी सामान मोजतो, मग माणसं. आजही मोजली. तीन. मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

खोली तळमजल्यावर, दार उघडलं की थेट वाळू. पांढऱ्या चादरींचे तीन पलंग आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक घडीची खाट. खाट आम्ही मागितली नव्हती. असू दे, कपडे टाकायला होईल.

५ जानेवारी, मंगळवार

किनाऱ्यावर झावळ्यांच्या छत्र्यांची लांबच लांब रांग आहे. प्रत्येक छत्रीखाली कापडी बैठकीच्या चार खुर्च्या. उजाडल्या उजाडल्या जाऊन मी शेवटची छत्री पटकावली. पाणी दहा पावलांवर आणि पलीकडे शेजार नाही. आम्ही तिघं, म्हणून चौथ्या खुर्चीवर टॉवेलची पिशवी ठेवली.

पाणी कोमट. चिमणीने पहिल्यांदाच डोकं बुडवून डोळे उघडले. नवरा पुस्तक तोंडावर घेऊन घोरला. इतका सुखाचा दिवस वर्षात आला नव्हता.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ जागा विचारायला आले होते. सामान होतं, तसं सांगितलं. ते गेले.

संध्याकाळच्या जेवणाला हॉटेलच्या मॅनेजरबाई प्रत्येक टेबलाशी थांबून हळू आवाजात सांगत होत्या की आज एक वयस्क पाहुणे उन्हाने गेले. किनाऱ्याच्या टोकाला खडक आहेत, तिथे जीवरक्षकाला सापडले. सगळ्यांनी कृपा करून पाणी भरपूर प्यावं. वाईट झालं. मला जेवण गेलं नाही. मलाही ऊन लागलं असणार.

६ जानेवारी, बुधवार

काल लिहिलं ते पूर्ण खरं नाही. वहीशीही खोटं बोलायचं म्हणजे कमाल झाली, म्हणून आज नीट लिहिते.

ते दीडच्या सुमारास आले. रांगेच्या त्या टोकापासून प्रत्येक छत्रीशी थांबत, विचारत. आख्ख्या रांगेत माणसं थोडी आणि टॉवेलच जास्त बसले होते. डोक्यावर निळ्या काठाची पांढरी कापडी टोपी, चपला हातात, चेहरा लालबुंद. त्यांनी विचारलं, पाच मिनिटं टेकू का? मी दुसरीकडे बघितलं आणि म्हटलं, इथे माणूस आहे.

का म्हटलं? पिशवी वाळूत ठेवली असती तर काय बिघडलं असतं? टॉवेलांना वाळू लागली असती. दुसरं कारण शोधून सापडत नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं.

आणि ते मान लववून त्या रिकाम्या खुर्चीकडे वळले, टोपीला हात लावला आणि खुर्चीला म्हणाले, माफ करा हं, तुमची जागा मागत होतो. मग खडकांकडे चालू लागले. आमच्यापुढे एकही छत्री नव्हती. हे मला दिसत होतं.

मी हसले होते. हेही लिहून टाकते. खुर्चीशी बोलतात म्हणून चिमणीकडे बघून हसले. ती हसली नाही. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, आई, कोण माणूस आहे गं? मी म्हटलं, गप्प बस आणि केळं खा.

नवरा तेव्हा झोपेत होता. त्याला सांगितलेलं नाही.

७ जानेवारी, गुरुवार

सकाळी टेबलावर चार बश्या. वाढपी म्हणाला की काल तुम्हीच चौघं म्हणून सांगितलंत. नवरा म्हणे, आपण कशाला सांगू? तरी तो बशी उचलून नेईना.

चिमणी पाण्यात होती तेव्हा तिची रोजनिशी वाचली. आईने वाचू नये, पण वाचली. ५ तारखेच्या पानावर सगळं होतं. टोपी, चपला, माफ करा हं. शेवटी लिहिलं होतं की आई म्हणाली इथे माणूस आहे, पण नव्हता. ही वही बाईंच्या टेबलावर जाणार. बाई वर्गात मोठ्याने वाचून दाखवतात. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

चिमणीला बोलावून पान फाडायला लावलं. ती म्हणाली, पण खरं आहे ना? मी म्हटलं, माणूस होता, तुला दिसला नसेल. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघून म्हटलं.  तिने पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिलं. नंतर बसून नवं पान लिहिलं. ते तिने आपणहून दाखवलं: आम्ही चौघं समुद्रावर गेलो. खूप मजा आली.

किनाऱ्यावरून परत येताना नवऱ्याने सवयीने माणसं मोजली. चार म्हणाला. मग हसला, उन्हाने डोकं फिरलं म्हणाला आणि पुन्हा मोजली. पुन्हा बोट चार वेळा हललं. या वेळी तो हसला नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

चौथ्या खुर्चीचं कापड खाली झोळ खाऊन आहे. माणूस बसल्यावर खातं तसं. पिशवी रोज वाळूत पडलेली मिळते. छत्रीवाला चार ग्लास पाणी ठेवून जातो आणि थोड्या वेळाने चारही रिकामे असतात. मी पीत नाही, तरीही.

आज ठरवलं होतं, मॅनेजरबाईंना सांगून टाकायचं. जीव हलका होईल. तर त्यांच्या टेबलापाशी एक मनुष्य उभा. त्या गृहस्थांचा मुलगा, वडिलांना न्यायला आला होता. त्याच्या हातात ती टोपी. तो प्रत्येक पाहुण्याला एकच विचारत होता, शेवटी बाबांशी कोणी बोललं होतं का? त्याला कोणावर ठपका ठेवायचा नव्हता. बाबा शेवटचं काय बोलले, एवढंच त्याला हवं होतं.

मला ठाऊक होतं ते काय बोलले. शब्द न् शब्द. तो माझ्यापुढे आला आणि मी नाही म्हटलं. आम्ही बघितलंच नाही त्यांना, असंही वर म्हटलं. चिमणी माझा हात धरून उभी होती. तिने हात सोडवून घेतला.

त्याने माझे आभार मानले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते आज कळलं.

९ जानेवारी, शनिवार

दुपारी खोलीत आडवं व्हायला गेले. घडीची खाट उघडलेली. वर स्वच्छ चादर, उशी. खाट मोकळी होती. माझ्या पलंगाला मात्र मधोमध खळगा, चादर ओली, पायथ्याशी वाळू. हात लावला. गरम होती. तव्यासारखी.

मी खाटेवर टेकले. चिमणी हसत होती, माझ्याशी नाही. पलंगाकडे तोंड करून ती कोणाला तरी शिंपले दाखवत होती.

किनाऱ्यावर परत गेले. माझ्या खुर्चीवर माझाच टॉवेल होता, नीट पसरलेला, ओला. बसायला गेले तर नवरा पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, अहो, तिथे —

मला अहो म्हणाला. परक्या बाईला म्हणतात तसं.

मी वाळूत बसले. उन्हात. सावली माझ्यापाशी येते आणि थांबते.

१० जानेवारी, रविवार

जेवणघरात टेबलाला तीनच खुर्च्या. तिन्ही भरलेल्या. माझं ताट मागितलं, वाढपी माझ्या मागे बघत राहिला.

मुलाला शोधायला धावले. सांगायचं होतं, ते माफ करा म्हणाले होते, खुर्चीला, किती सभ्य माणूस — तो कालच्याच लाँचने गेला. वडिलांना घेऊन. टोपी इथेच राहिली म्हणे. शोधूनही सापडली नाही म्हणे.

छत्रीपाशी गेले आणि मोठ्याने म्हटलं. सगळ्यांदेखत. मी खोटं बोलले, नव्हता माणूस, खुर्ची रिकामी होती, मला माफ करा. पाठीची कातडी सोलवटली तरी म्हणत राहिले. कोणी वळून बघितलं नाही. फक्त चौथ्या खुर्चीचं कापड जरा हललं. सरकून जागा देतात तसं. पण कोणी दिली नाही —

चिमणीला हाक मारली. तिच्या खऱ्या नावाने मारली. तिने दुसरीकडे बघितलं.

११ जानेवारी

धक्का. परतीची लाँच. चिमणी आधी घुसली. तीन जागा धरल्या. एकीवर रुमाल, एकीवर माझी पर्स, एकीवर ती. किती चपळाईने. एवढं होऊनही अभिमान वाटला मला, लाज नाही वाटली. नंतर वाटली.

नवरा बसला. पर्स तिने उचलली. मला वाटलं माझ्यासाठी. तिथे टोपी होती. पांढरी. निळा काठ.

मी म्हटलं, चिमणे, आई उभी आहे. पाच मिनिटं टेकू का.

खिडकीबाहेर बघत म्हणाली. न अडखळता. इथे माणूस आहे.

नवऱ्याने बोटाने मोजलं. स्वतः. चिमणी. टोपी. तीन. हुश्श केलं.

उभ्याने नेत नाही, खलाशी म्हणाला. उतरा.

लाँच गेली. चिमणीने हात हलवला, कोणाला कोण जाणे. धक्क्यावर सावली नाही. वही गरम — पेन हातातून —

छत्र्यांची रांग. पहिली, टॉवेल. दुसरी, टॉवेल. सगळ्या विचारून झाल्या.

शेवटची राहिली. नवं कुटुंब आलं आहे, तिघं. मुलगी पाण्यात. चौथ्या खुर्चीवर पिशवी. बाईने मला येताना बघितलं. आता दुसरीकडे बघते आहे.

ती काय म्हणणार मला ठाऊक आहे. तरी विचारते. फक्त पाच मिनि —