विहिरीचं हिरवं कार्ड

२ जुलै
उद्या पाण्याचा नमुना शहापूरला लॅबमध्ये द्यायचा. मागच्या वेळी विहीर नापास झाली आणि पंचायतीच्या भिंतीवर पिवळं कार्ड लागलं. गावचा जलसुरक्षक मी, म्हणजे बोलणी मलाच. या वेळी हिरवं आणायचंच.
संकल्प: विहिरीत रोज ब्लीचिंग पावडर. उद्यापासून.

३ जुलै
पावडर घेऊन निघालो होतो. विहिरीवर लहानीकाकी भेटली. म्हणाली, पंढरी, पावडर टाकू नको रे, भाताला वास येतो, पोरा जेवत नाय. लोकभावनेचा आदर हा माझा जुना स्वभाव. पावडर फक्त रजिस्टरमध्ये टाकली.
नमुन्याच्या बाटलीत खर्डी स्टेशनवर घेतलेलं सीलबंद पाणी भरलं. मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा तिला चांगली साडी नेसवतोच ना? तसंच हे.

९ जुलै
पास! हिरवं कार्ड लागलं. खाली माझं नाव. सोळाला, गुरुवारी, तालुक्याला सत्कार. भिमीनं माझं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग शेजारणीला ओढत दाखवायला नेलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकी खूश पहिल्यांदाच पाहिली.
कार्ड लागल्यापासून विहिरीचं पाणी गोड लागतंय. दोन तांबे जास्तच प्यालो.

१२ जुलै, सकाळी ११
पोट जरा बिघडलंय. सहा वेळा. काल स्टेशनवर खाल्लेल्या वड्याचं काम असणार. संडासात बसूनच लिहितोय. भाषणाची तयारीही इथेच. एकांत छान मिळतो.

दुपारी २
भिमी बाहेरून दार ठोकतेय. तिलाही जुलाब लागलेत. तिनं वडा खाल्लेला नाही. योगायोग.

१३ जुलै
मोजणं सोडलं. आशाताई रोशनी आली, ओआरएसच्या पुड्या देऊन गेली. विहिरीच्या पाण्यात कालवून दोघांनी घेतलं. रोशनी म्हणते, दवाखान्यात चला. पण तिथे विचारणार, पाणी कुठलं पिता? विहिरीचं म्हटलं की कार्ड गेलं, सत्कार गेला, रजिस्टर उघडलं. उद्यापर्यंत आपोआप थांबेल. थांबायलाच हवं.
भिमीला उठवत नाहीये.

१४ जुलै, दवाखाना
दोघांनाही सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ई. कोलाय दिसतोय. हा जंतू प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि बहुतेक गुण्यागोविंदानं राहतो. मी म्हटलं, मग घरचाच माणूस की! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्याचे काही भाऊबंद वाईट असतात. शेणातून, संडासातून पावसाबरोबर विहिरीत उतरतात. पोटात गेले की आतड्याला चिकटतात, विष सोडतात, आणि अंगातलं पाणी बाहेर काढतात. पावडरीनं मरतात.
पाणी कुठलं पिता?
मी वडा म्हणालो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. हाताला सुई, पळणार कुठे?
त्या नर्सला सांगत होत्या, बाईंना सकाळपासून लघवी झालेली नाही, मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवा. भिमीचा हात धरला. गार होता. फार घाबरलो.
सगळं सांगून टाकलं. रजिस्टरसकट.

१६ जुलै
भिमी उठून बसली. पेज प्यायली. बरं वाटलं.
सत्कार आज होता. पंचायतीच्या भिंतीवर आता लाल कार्ड आहे म्हणे.
तरी एक मुद्दा सुचला. एवढ्या गावात आजारी आम्ही दोघंच. म्हणजे पाणी काही इतकं वाईट नसणार! रोशनी आली तेव्हा तिला ऐकवला. ती म्हणाली, काका, सगला गाव पाणी उकळून पितो. कार्डावर तुमचा नाव वाचला ना सगल्यांनी.
ती गेल्यावर भिमीला विचारलं, मग तू का नाही उकळलंस?
म्हणाली, कार्ड पिवला होता तवा मी पन उकळत होते. हिरव्यावर तुमचा नाव आला, मंग सोडला.