एकोणीसचा पट

कारंजा (घाडगे)
दि. १४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

राखी वेळेवर पोचली. पाकिटात चिठ्ठी नव्हती. तरी पोच कळवणे माझे कर्तव्य होते, त्यास दोन महिने विलंब झाला. रोहण्याच्या शाळेत तू एव्हाना रुळली असशील. इकडे सर्वांची प्रकृती ठीक. सोयाबीन निघाले.

आपल्या शाळेचे सहावी ते आठवीचे वर्ग जूनपासून बंदच आहेत. तुझ्या खोलीत आता पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात. फळ्यावर तुझ्या अक्षरातली तारीख अजून आहे.

वर्ग बंद करण्याच्या आदेशाविरुद्ध शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून मी नऊ पानांची हरकत घेतली होती, हे तुला ठाऊक आहे. ती परत आली, हे मी कोणालाच सांगितले नाही. सोबत एकच ओळ होती : ‘अर्जदाराचे पाल्य सदर शाळेत शिकत नसल्याने ते अध्यक्षपदी राहू शकत नाहीत, सबब हरकत अग्राह्य.’

नियम बरोबर आहे. पहिल्या बैठकीत तो मीच वाचून दाखवला होता.

गेल्या वर्षी जुलैत मी घेतलेल्या चाचणीत वीसपैकी अकरा मुलांना भागाकार आला नाही. त्यांत माझी मयुरी होती. तू म्हणालीस, “दादा, मले दिवाळीपावतर वेळ दे. पोरं शिकतेत. तू फक्त थांबजो.”

मी आठवडाभरही थांबलो नाही. दारोदार फिरून ‘मुले काढू नका’ म्हणणाऱ्या मी स्वतःच्या मुलीचा दाखला काढला आणि तिला कॉन्व्हेंटच्या बसमध्ये बसवले. वर्ग टिकायला वीस मुले लागतात, हे त्या दिवशी मला माहीत होते. मुलांना भागाकार येत नव्हता. मला वजाबाकी येत होती.

उरलेल्या एकोणिसांना तू दिवाळीपूर्वी भागाकार शिकवलास.

काल नलूकडे गेलो. तिची हर्षा जूनपासून घरीच आहे. दुसरी शाळा हायवेपलीकडे, आणि ट्रकांच्या गर्दीतून मुलीला पाठवायला नलू तयार नाही. मी म्हटले, “मी रोज गाडीवर नेऊन सोडतो.”

“तुमच्या भरवशावर?” ती हसली. “तुमच्या भरवशावर तं शाळा होती, प्रफुलभाऊ! मयुरीची बस आमच्याच दारावरून जाते. पाह्यतो ना रोज.”

ओसरीवर हर्षा धाकट्या भावाला भागाकार समजावून सांगत होती. उत्तराखाली दोन रेघा, तुझी पद्धत.

‘भाऊबीजेला ये’ असे येथे लिहून खोडले आहे. पत्र पुन्हा स्वच्छ लिहिलेले नाही.

ज्याला तू थांबायला सांगितले होतेस, तो
प्रफुल