हळदीपर्यंत बॉडी

१ फेब्रुवारी २०२३, सकाळी ६
लहान बहीण निशीचं लग्न अकरा मेले. हळद दहाले. अठ्ठ्याण्णव दिवस आहेत. रीलमधला कोच नव्वदमध्येच बॉडी काढून देते. हळदीले पोरायचे शर्ट निघतातच. माहा निघाला की अख्खं ढाणकी गाव पाहतच राहीन. तवर एकही फोटो काढाचा नाही.

सकाळी ७
माह्या खोलीत छतापर्यंत कापूस. बाबा म्हनते भाव चढला की विकू. पुशअप मारले तं डोकं कापसात जाते. चार झाले. शिंका आल्या. फॉर्म चांगला होता.

१९ फेब्रुवारी
भात, पोळी बंद. रोज सहा अंडे पाहिजेत म्हटलं. आई म्हने या घरात अंडं शिजत नाही, फुटाणे खाय. खाल्ले. उजव्या दंडावर एक लाईन दिसली. निशी म्हने चादरीचा वळ आहे. तिले काय समजते.

१२ मार्च
बाबानं हरभऱ्याचे पोते उचलाले बोलावलं. आज रिकव्हरी डे, म्हनून गेलो नाही. त्यायनं एकट्यानंच उचलले. दंड पाहिले त्यायचे. एकही रील न पाहता. माह्यात उतरले नाहीत, काहून कोन जाने.

२ एप्रिल
अंगभर खाज. कापसातले बारीक किडे. पोटावर लाल पुरळ. बाबाले म्हटलं विकून टाका. भाव अजून उतरला म्हने, थोडं थांबू. बरोबर आहे. माहाही रिझल्ट शेवटच्या महिन्यातच येईन.

२३ एप्रिल
पत्रिका वाटाले गेलो नाही. लोक शर्टाच्या आतलं पाहून राह्यले असं वाटते. आईले सांगून ठेवलं, डाएट चालू आहे म्हना.

१० मे, सकाळी ११
अंगणात डीजे. सगळ्यायचे शर्ट निघाले. कोनाचं पोट सुटलेलं, कोनाच्या बरगड्या मोजून घ्या. मस्त नाचून राह्यले. मी आतून कडी लावली. शर्ट काढला, घातला, पुन्हा काढला. निशीनं दार वाजवलं.
"दादा, तू आल्याशिवाय मी हळद लावत नाही."
पाच मिनिटात येतो म्हटलं. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग आत्या तिले घेऊन गेली.

११ मे
कॅमेरा इकडं आला की मी आचाऱ्याच्या भट्टीमागं. जावयाचा कान पिळाचा मान नवरीच्या भावाचा, पण माह्या जागी मामाच्या मंदारले उभं केलं. फक्त एका दिवसाचा प्रश्न होता. बॉडीले अजून थोडा वेळ पाहिजे होता.

२ जून
निशीचा फोन. अल्बम आला. लग्नाले न आलेली चुलत सासू केळापूरहून आलती, तिले दाखवला. कान पिळतानाचा फोटो पाहून ती म्हने, भाऊ मोठा हसरा आहे तुहा.
मी विचारलं, मग तू काय म्हटलं?

"हो म्हटलं, दादा."