पंचेचाळीसपासून बावीसपर्यंत

डॅनबी क्रॉसिंग, ओक्लाहोमा
रविवार, १४ जून

आदरणीय हार्लनकाकांच्या पायांशी (त्यातही सुजलेल्या उजव्या अंगठ्याशी आधी) मेरिबेथचा नमस्कार.

तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी बंद केलेलं डुकराचं मांस खरोखर बंद आहे, की फक्त डॉक्टरांसमोर बंद आहे? हल्ली घराबाहेर पडवत नाही असं मागच्या फोनवर म्हणालात, ऐकून वाईट वाटलं. नेलकाकूंना जाऊन आठ महिने झाले. घर खायला उठतं असं तुम्ही कधी म्हणत नाही. पण दुपारी तुमच्याकडे फोन केला तर कुणी उचलत नाही, यावरून मी काय ते समजते. (हे वाक्य ठेवावं की खोडावं याचा दहा मिनिटं विचार केला. ठेवते.) माझं बरं चाललंय. काउंटीच्या कचेरीत जमिनीचे दस्त नोंदवते, लोक कुंपणाच्या दीड फुटावरून एकमेकांचे आजे-पणजे काढतात, मी शिक्के मारते.

पत्र लिहिण्याचं कारण, मी पिस्तूल घेतलं. कोणतं घेतलं, कसं घेतलं, आणि ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी ते माझ्याजवळ का नव्हतं, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. (कळलं असेलच. या गावात लपवून बाळगायचं शस्त्र ही एकच गोष्ट अशी आहे की ती कुणालाही लपवता येत नाही. दर माणूस कोपरखळी मारून सांगतो, 'माझ्याजवळ आहे हं.')

एप्रिलपासून माझ्या घरात कुणीतरी येतं. मी साडेपाचला कचेरीतून परतते तेव्हा काही चोरीला गेलेलं नसतं, आणि भीती त्याचीच वाटते. चोराला निदान काय हवंय ते कळतं. इथे बाबांच्या आरामखुर्चीचं पायटेकण वर उचललेलं असतं. (बाबा गेल्यापासून दोन वर्षं त्या खुर्चीत मी बसलेली नाही, कुणाला बसू दिलेलं नाही.) रेडिओ बेसबॉलच्या केंद्रावर असतो. भेंडीच्या लोणच्याची बरणी मी ठेवते त्याच जागी असते, पण आत भेंडी कमी असते. पहिले दोन आठवडे मी स्वतःवरच संशय घेतला. चव्वेचाळीस वर्षांची एकटी बाई, झोपेत उठून भेंडी खात नसेल कशावरून? म्हणून बरणीवर पेन्सिलीने रेघ मारली. शनिवार-रविवार मी घरात होते तेव्हा रेघ जागेवर. मी कचेरीत गेले की रेघेखाली. म्हणजे मी नव्हते. मग समोरच्या चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहायला आलेल्या फायफर नावाच्या गृहस्थांवर संशय घेतला, कारण ते रोज सकाळी हात हलवतात. ओळख ना देख, रोज हात कोण हलवतं? (नंतर डायरी चाळली. पाचांतल्या तीन दिवशी हात आधी मी हलवला होता. श्री. फायफरना माझ्याबद्दल काय वाटत असेल, देव जाणे.) शेरिफचा माणूस येऊन गेला. त्याने वहीत 'भेंडी' एवढा एकच शब्द लिहिला, आणि दोनदा विचारलं, "बाई, नक्की मोजली होती ना?"

भेंडीची गोष्ट सांगायची लाज वाटली म्हणून तुम्हाला मी आधी एवढंच विचारलं की पर्समध्ये ठेवायला पिस्तूल कोणतं घ्यावं. तुम्ही फोनवर गरजलात (३० एप्रिल, संध्याकाळी सहा दहा, डायरीत आहे), "बेथी, पंचेचाळीस घे! त्याच्याखालचं सगळं खेळणं. बावीसची गोळी लागली तर माणूस फक्त चिडतो." मी आज्ञाधारकपणे लॉनी गॅडिसच्या दुकानात गेले. (हे आकडे गोळीच्या जाडीचे, मोठा आकडा म्हणजे जाड गोळी, हे मला तिथेच कळलं.) लॉनीकडे बाईमाणूस आलं की तो आधी काउंटरखालून जांभळं पिस्तूल काढतो, हे तुम्हाला माहीत नसेल, तुम्हाला तो कधी दाखवणार नाही. मी पंचेचाळीस मागितलं. कॉफीचे पेले घेऊन बसलेल्या तीन पेन्शनरांनी खुर्च्या माझ्याकडे वळवल्या. ते पिस्तूल माझ्या पर्समध्ये गेलं, पण मग पर्स खांद्यावर जाईना. लॉनी म्हणाला, "बाई, घरी कपाटात पडलेल्या तोफेपेक्षा जवळ असलेली टाचणी बरी." हे मला पटलं, आणि पटल्यावर मी विचार करायला घरी आले. (मी विचार करायला नेहमी घरी येते. लॉनीला हे आता पाठ झालंय.)

दुसऱ्या फोनवर मी तुम्हाला खरं ते सांगितलं, की घरात कुणीतरी येतं. तिकडून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं फोनच पडला. मग म्हणालात, "अडतीस पुरे होईल गं." (९ मे.) मी पुन्हा लॉनीकडे. लहान पिस्तूल हाताला हलकं लागेल असं मला वाटायचं, तर गोष्ट उलटी निघाली. जितकं लहान, तितकं ते लाथाडतं. तळहातात मावणारं एक अडतीस गावाबाहेरच्या मैदानावर झाडून बघितलं, आणि दोन दिवस कचेरीत डाव्या हाताने शिक्के मारले. एका चपट्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढता ओढता माझे नि लॉनीचे दोघांचे मिळून चार हात लागले. पंचवीसचं एक होतं, त्यात गोळी अडकायची. बत्तीसचं देखणं होतं, पण त्याच्या गोळ्या लॉनीकडे वर्षातून एकदा येतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या माणसाला तोवर थांबा असं कसं सांगायचं? राहिलं बावीस. लाथ नाही, आवाज बेताचा. फक्त क्वचित एखादी गोळी उडतच नाही. लॉनी म्हणाला, "दहा असतात बाई, एक तरी इमानदार निघेलच."

तिसऱ्या फोनवर मी म्हणाले, मी आधी 'कोण आहे' विचारणार नाही, आधी झाडणार. त्यावर तुम्ही घाईघाईने म्हणालात, "बावीस घे, बावीस. बावीस म्हणजे अगदी... पुरेसं." (२३ मे.) ज्या माणसाने तीन आठवड्यांपूर्वी बावीसला खेळणं म्हटलं, त्याचं मत असं सरसर खाली उतरताना पाहून मला आश्चर्य वाटलं. पण मी ते वयाला लावलं. वय वाढलं की माणूस मवाळ होतो.

अर्ज भरायला मला चाळीस मिनिटं लागली. 'हे शस्त्र तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का?' यावर मी अडले. स्वतःसाठी घेतेय, की त्या माणसासाठी? तुमची मानसिक स्थिती बिघडल्याचा कुणी निकाल दिला आहे का, असंही विचारलंय. नाही, पण कुणी तपासलं तरी कुठे? लॉनी शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, 'हो' किंवा 'नाही' लिहा, निबंध नको." जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला आनंदाने कळवलं की सात पावलांवरून माझ्या दहांपैकी नऊ गोळ्या कागदी माणसाच्या छातीत बसतात. तेव्हा तुमचा सल्ला होता, "पोरी, तू शिट्टी का नाही घेत?"

आता पर्सचं ऐकवते. आमच्या चर्चची गायिका मंडळी जिच्या तालावर गाते ती ट्वायला, तिने आपल्या दिवाणखान्यात पर्सविक्रीची बैठक ठेवली होती. सरबत, लिंबाच्या वड्या, आणि एका बाजूला पिस्तुलाचा गुप्त कप्पा असलेल्या तपकिरी पर्सा. आम्ही अकरा जणींनी अकरा घेतल्या. माझं बावीस ऐकून ट्वायला सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, चोर आला की तू त्याला गोळी मारणारेस की लस टोचणारेस? माझ्याकडे माझ्या बापाचं अडतीस आहे, न्हाणीघरात जाते तरी बरोबर असतं!" मी आणखी एक लिंबाची वडी उचलली. बुधवारी चर्चच्या जेवणाला तळलेला मासा होता, मक्याचा पाव होता, आणि अकरा खुर्च्यांच्या पाठींना अकरा तपकिरी पर्सा लटकलेल्या होत्या. निघताना मी माझी घेतली. म्हणजे, मला तसं वाटलं. (किल्ल्या नि पैसे मी खिशात ठेवते, त्या पर्समध्ये फक्त बावीस असतं, म्हणून उघडून बघितली नाही.)

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. कुणालाही, अगदी तुम्हालाही सांगितलं नाही. गाडी पशुखाद्याच्या दुकानामागे लावली, चालत घरी आले, आणि दिवाणखान्यातल्या कोटांच्या कपाटात शिरून झडपांचं दार ओढून घेतलं. बाबांचे लोकरी कोट, डांबरगोळ्यांचा वास, बाहेर जूनचं ऊन. एक वाजून दहा मिनिटांनी ओसरीच्या फळ्या वाजल्या. मी पर्सच्या गुप्त कप्प्यात हात घातला, आणि काका, आत पिस्तूल नव्हतंच. एक सिगारेटचं पाकीट, पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी, आणि चर्चमधल्या मेणबत्त्या पेटवायचा लांब नळीचा लायटर. 'देह हे देवाचं मंदिर' असं पोरांना एकोणीस वर्षं शिकवणारी ट्वायला त्या कप्प्यात काय बाळगते ते मला तेव्हा कळलं. (कुणाला सांगू नका. मीही सांगितलेलं नाही. आज सकाळी आम्ही पर्सा बदलून घेतल्या, दोघींनी एकमेकींच्या बुटांकडे बघत.)

तर ओसरी वाजली, आणि पुढे काही नाही. टपालवाला असावा. मी पाऊण तास उभी राहिले आणि बाहेर आले. कुणीही आलं नाही.

अंगठ्याला जपा. पाणी भरपूर प्या, डॉक्टर म्हणतात तेच पाणी.

तुमची पुतणी,
मेरिबेथ

ता. क. 'कुणीही आलं नाही' हे खोटं आहे. लिहिलं तेव्हा वाटलं, इथेच थांबावं म्हणजे कुणालाच ओशाळं व्हायला नको. पण खोटं पत्र टपालात टाकणं मला जमत नाही. काका, तुम्ही आलात. बूट काढून, आपल्या भावाच्या खुर्चीत, पाय वर करून बसलात. बरणी मांडीवर, काटा हातात. गोलंदाजाला तुम्ही काय काय म्हणालात ते मी लिहीत नाही. मग रेडिओ बारीक करून बाबांच्या फोटोला म्हणालात, "ऑर्विल, तुझी पोरगी पिस्तूल घेऊन बसलीये. मी म्हटलं बावीसचं घे. गोळी लागलीच, तर निदान दवाखान्यापर्यंत तरी पोचेन." आणि थोड्या वेळाने, "घरी ऐकता येते रे मॅच. पण शिव्या घालायला शेजारी कुणी नाही." त्यानंतर तुम्ही एक तास चाळीस मिनिटं घोरलात. मी तेवढा वेळ कोटांमध्ये उभी होते. माझा फक्त डावा पाय झोपला.

ता. क. २. हे सगळ्यात अवघड. त्या लायटरला पिस्तुलासारखा चाप आहे. घराचं दार उघडलं, झडपांच्या फटींतून उंबऱ्यात उन्हात एक काळी आकृती दिसली, आणि कप्प्यात माझ्या बोटाला चाप लागला, मला ते पिस्तूलच वाटलं. मी ते उपसून चाप दाबला. चेहरा दिसण्याआधी. 'कोण आहे' न विचारता. फोनवर बढाई मारली होती अगदी तसंच. ज्योत निघाली आणि बाबांच्या करड्या कोटाची बाही जळाली. तुम्ही हुंगलंत, आणि फोटोकडे बघून म्हणालात, "ऑर्विल, जळका वास येतोय. तू नक्की वरच गेलास ना?" मी कोट तोंडात कोंबून हसले, आणि मग बराच वेळ ते हसू नव्हतं. बुधवारी मी बरोबर पर्स उचलली असती तर आज हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं? नऊ गोळ्या छातीत बसतात हे मीच तुम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. दोन महिने मी गावातल्या प्रत्येकावर संशय घेतला. माझ्या बोटावर घ्यायचा राहिला.

ता. क. ३. म्हणून विनंती. येत्या गुरुवारी मी पुन्हा अर्धी रजा घेतली आहे, मॅच दुपारीच आहे. तुम्ही या आणि ते बावीस तुमच्या घरी घेऊन जा. लॉनी परत घेत नाही, आणि मला ते माझ्याजवळ नकोय, निदान सध्या तरी. खुर्ची तुमची. मी शेजारी बसेन, शिव्या मला विशेष येत नाहीत, पण ऐकून घेईन. एक मात्र सांगा. मे महिन्यात मी घराचं कुलूप बदललं आणि दोन्ही किल्ल्या माझ्याच जुडग्यात आहेत, मग तुम्ही आत येता कसे? तुम्हाला जे जमतं ते आणखी कुणालाही जमेल. याचं उत्तर मिळेपर्यंत मी तुम्हाला पूर्ण माफ केलेलं नाही. आणि गुरुवारी ओसरीवर पाय ठेवण्याआधी फाटकातूनच हाक मारा, मोठ्याने, पूर्ण नाव घेऊन. मी 'या' म्हणेपर्यंत तिथेच उभे राहा. उन्हात जरा थांबावं लागलं तरी चालेल, मी खिडकीतून चेहरा नीट बघून घेईन.