खुराड्याचे दार कोणाचे

मी, छबूबाई कोम सहादेव बोरुडे, वय अदमासे साठ, धंदा कोंबड्या पाळणे, राहणार शिंगणापूर, तालुका नेवासे, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्या भिडेला न पडता गोरक्षनाथ मास्तरांकडून माझ्या तोंडच्या शब्दांत लिहवून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दिवाळीपासून मी रिकाम्या खुराड्याकडे बघत बसते म्हणून लोक म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. भ्रम नाही, धक्का बसला आहे. तो का बसला ते या कागदात येईलच.

राहते दोन खणांचे घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे बांधून दिले, त्यात कोणाचा वाटा नाही. माझ्या पश्चात ते माझ्याजवळ राहणारी विधवा नणंद मालनबाई हिने घ्यावे. तिने गल्लीतल्या बोक्याला चोरून दूध पाजून माजवले आणि त्याने माझी पिल्ले खाल्ली, तरी घर तिलाच. मी तापाने पडले तेव्हा तिनेच माझे केले. घराला तिने दार बसवू नये. शनिमहाराजांच्या धाकाने आमच्या गावात कोणाच्याच घराला दार नाही, कडीकुलूप नाही. कुत्रे आत शिरू नये म्हणून फळी टेकवतात, तेवढीच. चोरी करील त्याचे डोळे जातात, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो.

आता खुराड्याबद्दल. जर्मनची लढाई सुरू झाली तशी नगरच्या छावणीत अंडी खपू लागली आणि माझ्या कोंबड्या वाढल्या. त्यांच्या वासावर गावभरची मांजरेही माझ्या परसात वाढली. टेकवलेल्या फळीला कुत्रे भिते. बोका पंजा घालून ती सरकवतो. मी काट्या लावल्या, पिल्लांच्या डालग्यावर पाटा ठेवला, काठी घेऊन राखण बसले. इतक्या वर्षांत आमची पिल्ले खाऊन एकही बोका आंधळा झालेला मी पाहिला नाही, म्हणजे मांजरांना महाराजांचा कायदा लागू नाही हे उघड आहे. म्हणून छगन सुतारांकडून बिजागऱ्या ठोकवून खुराड्याला दार केले, आणि वर कडी.

पारावर माणसे जमली. माझे धाकटे दीर काकासाहेब, जे शेजारीच राहतात, सर्वांदेखत म्हणाले, "वहिनी, देवाच्या गावात कडी? लई वंगाळ केलं तुमी. समद्या गावावर कोप व्हईल."

मी म्हटले, "कडी मांजराला हाय, मानसाला न्हाई. आन् खुराडं म्हंजे घर हाय का?"

बायकांनी चौथऱ्यावर चढायचे नसते, म्हणून मी खालूनच महाराजांना विचारले. त्यांनी नको म्हटले नाही. मी दार ठेवले.

आणि वसुबारसेच्या सकाळी दार नव्हते! बिजागऱ्यांसकट उपटून नेलेले. आत पिसेच पिसे, पिल्लांची आई मानेपासून फाडलेली, पिल्लांचा पत्ता नाही. पण खरे सांगते, पिसांकडे माझे लक्ष मागाहून गेले. आधी मी नुसती त्या मोकळ्या चौकटीकडे बघत राहिले. आमच्या गावात चोरी! उंबऱ्यावर विसरलेली चंची जिथे दुसऱ्या दिवशी तिथेच सापडते, त्या गावात एकच दार होते आणि तेच चोरीला गेले. बोंब मारावी तर गावाचे नाव जाते, गप्प राहावे तर घास उतरत नाही.

पाडव्याला मी एका घरी ताक मागायला गेले. उतरंडीमागे माझे दार उभे होते, छगनची बिजागरी अजून त्याला लोंबत होती. ताक न घेता परत आले. ते घर कोणाचे हे मी लिहीत नाही. ज्याला कडेवर खेळवले, भाकरी कुस्करून भरवली, त्याच्या घरात! अजून माझा विश्वास बसत नाही. कोपाच्या भयानेच त्याने नेले असणार, लाकडाच्या लोभाने नव्हे. पण मला विचारले का नाही?

मेलेली कोंबडी माझी एकटीची नव्हती. घोडेगावच्या रोशनबीने ती अर्धलीने दिली होती, म्हणजे निम्मी पिल्ले तिची. ती म्हणाली, "मांजरानं खाल्लं त्याला तुमी काय करनार? ऱ्हाऊ द्या." तरी तिला माझी चितकबरी तलंग, अजून अंड्यावर न आलेली, द्यावी. बोक्याला कोणी मारू नये. माझ्यातर्फे त्याला काही द्यायचेही नाही.

अंड्यांचे साठलेले पैसे वाटणीला उरणार नाहीत. दिवाळीपासून काकासाहेबांच्या डोळ्यांपुढे धूर दिसतो. परवा माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, तुमचं त्वांड दिसंना मला." जेवण टाकले आहे, शनिवारी महाराजांना तेल घालतात आणि रडतात. मोतीबिंदू की महाराज, मला कळत नाही. म्हणून दोन्हीची तजवीज करते. ते पैसे मी जिवंतपणीच नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे खर्चणार आहे.

राहिले खुराड्याचे दार. ते मी काकासाहेबांना दिले आहे. मरणानंतर नव्हे, वसुबारसेच्या आदल्या सांजेलाच तोंडी दिले होते, ते आज लेखी करते. मास्तरांनी टाक थांबवून विचारले, "खरंच दिलं होतं का?" मी म्हटले, "लिहा." वर चोरी हा शब्द आला आहे, तो धक्क्याच्या भरात आला. तो चुकीचा समजावा. ज्याची वस्तू त्याने नेली, त्यात कोणाचे डोळे जाण्याचे कारण नाही.

येथवर कागद साक्षीदारांना वाचून दाखवला. छगन सुतारांनी सही केली. दुसरी साक्ष काकासाहेबांची ठरली होती. मास्तर म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष करू नये. दार नको म्हणाल तर सही चालेल."

काकासाहेबांनी टाक धरला. मग खाली ठेवला.

"साक्षीतनं माझं नाव काढा, मास्तर. दार माझ्याकडं हाय." मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, "वहिनी, आता दिसंल का मला?"

हेही लिहा, असे मी मास्तरांना सांगितले.

मुक्काम शिंगणापूर, सोमवार, ता. १३ नोव्हेंबर १९४४.

छबूबाई कोम सहादेव बोरुडे, डाव्या हाताचा अंगठा.

साक्ष: छगन सुतार, सही दस्तुर खुद्द.
साक्ष: काकासाहेब बोरुडे (नाव त्यांच्याच सांगण्यावरून खोडले). त्यांच्या जागी गोरक्षनाथ मास्तर, हा कागद लिहिणार.