पहिल्या आजाराचं काय झालं?

आय, तू गेल्यावर मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले, हे तुला ठाऊक नाही. आज एका मुलीने विचारलं, निदानाच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत आजारांची नावं बदलतात, मग आजारही बदलतात का? मी काहीतरी उत्तर दिलं, पण मनात तूच होतीस.

मी चौथीत असतानाचा तो उन्हाळा. वटार गावातल्या आपल्या वाडीत तू विहिरीचा कठडा निळा रंगवलास, केळीची रोपं इतकी दाट लावलीस की मधून चालता येईना, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर अख्ख्या गावाला जेवायला बोलावून आलीस. झोप तुला लागतच नव्हती. शेजारणी म्हणाल्या, हिला बाहेरचं लागलंय. बाबा तुला मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे तू आपल्या घरच्या बोलीत भराभरा बोलत सुटलीस. डॉक्टर शहरातले, त्यांना अर्धंही कळलं नसावं. ‘बोलण्यात संगती नाही,’ असं ते म्हणाले आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. बाबांना तो शब्द घरी येऊनही नीट उच्चारता आला नाही. मग दर वेळी इंजेक्शनं. त्यांनी तुझे हात कडक व्हायचे, भाकरी थापताना तू मध्येच थांबून राहायचीस.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी माणिकपूरला मनोविकारांच्या एक डॉक्टरबाई बसायला लागल्या. आपण दोघीच गेलो. बाई खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसल्या आहेत. “मधल्या काळात कशा असता?” त्या विचारतात. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तू बोलतेस, मी त्यांना कळेल असं सांगते. कधी अंगात बळ मावत नाही, कधी महिनोन्महिने चूल पेटवावीशी वाटत नाही, आणि मधे दोन-दोन वर्षं काहीच नसतं, वाडी, बाजार, घर, सगळं नीट.

“मग हा स्किझोफ्रेनिया नसावा,” बाई म्हणाल्या. “याला मॅनिक डिप्रेशन म्हणतात. याचं औषध वेगळं आहे.”

तू माझ्याकडे वळलीस. मग मला म्हणालीस, “इच्यार त्यांना, पयला आजार बरा झाला, का तो नव्हताच?”

बाई हसल्या नाहीत. “नव्हता, असं मला वाटतं. पण रक्त तपासून हे नाव कळत नाही. काय दिसतं, कधी दिसतं, किती टिकतं, यावरून आम्ही ठरवतो. उद्या वेगळं काही दिसलं, तर मलाही नाव बदलावं लागेल.”

“मंग बरं,” तू म्हणालीस. जिचं नाव बदलता येतं ती गोष्ट तुला कमी भीतीची वाटली असेल का? तेव्हा विचारायचं राहून गेलं. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शनं बंद झाली; अधूनमधून रक्त तपासायला जावं लागे, पण तुझे हात मोकळे झाले. गावाने मात्र ‘बाहेरचं’ हा आपला जुना शब्द सोडला नाही.

तुझे ते दिवस आता मी फळ्यावर लिहिते. झोप कमी, बोलणं जास्त, अवाजवी उत्साह. यातलं काही खोटं नाही. हे कुणी ओळखलं नसतं, तर तुला औषधच मिळालं नसतं. फक्त एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही, आणि तुलाही नाही. तू पूर्ण बरी होतीस त्या वर्षांतही, कधीकधी मी त्या उन्हाळ्यातल्या तुझी वाट बघायचे.