भाऊबीजेचं शिवणयंत्र

चौल, कार्तिक वद्य ५, शके १८५५

चि. दयारामास आक्काचे अनेक आशीर्वाद. मैना आणि मी खुशाल आहोत; तू व चि. सौ. नीरा तशीच असाल या भरवशावर लिहिते.

भाऊबीजेला तू आला नाहीस म्हणून अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळलं आणि मनातल्या मनात तुला चार शब्द सुनावले. ते सगळे आता परत घेते. परवा भागोजी रेवदंड्याच्या बंदरावरून गाडीत ही एवढी लाकडी पेटी घेऊन आला. उतरवताना कण्हत म्हणाला की तुज्या भावानं मुंबय उचलून धाडलीय काय. आत शिवणयंत्र, आणि तुझ्या चिठ्ठीत ‘भाऊबीजेची ओवाळणी’ एवढेच शब्द. दयाराम, या जन्मात मला इतकी मोलाची वस्तू कुणी दिली नव्हती. मी रडले, हे लिहायला लाज वाटत नाही.

दोरा कसा ओवायचा ते कान्हा शिंपी दाखवून गेला. जाताना आपलं गिऱ्हाईक कमी होणार म्हणून कुरकुरलाही. एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने कापड सरकवायचं, हे त्याला सोपं. माझा डावा हात उजव्याचं बघून तोही गोल फिरायला लागतो. शेवटी मैनेने दांडा धरला आणि मी दोन्ही हातांनी कापड. सात वर्षांची पोर, पण काय जोर! हळू म्हटलं की हळू फिरवते, आणि टीप सरळ आली की रहाटाला जुंपल्यासारखी सुटते. दोन उशांचे अभ्रे झाले. तिसरा शिवताना माझा पदर त्यातच शिवला गेला आणि दूध उतू जातंय म्हणून उठले, तर अभ्रा माझ्यामागोमाग चुलीपर्यंत आला. शेजारच्या मनुबाईला पानाची चंची करून दिली, ती चारही बाजूंनी बंद! मनुबाई म्हणते, पानाचा खर्च वाचला.

एक विचारायचं आहे. केसर गेली तेव्हा मैना दहा दिवसांची होती. केसरची तीन लुगडी मी पेटीत जपून ठेवली आहेत. आता ती घडीवर विरायला लागली. त्यांची मैनेसाठी गोधडी करावी म्हणते. आईची कूस मिळाली नाही, आईचं लुगडं तरी अंगावर असावं. पण ती तुझी बायको होती. तुझ्या शब्दाशिवाय कात्री लावणार नाही. नीरालाही विचार. दोन वेळा कूस रिकामी झालेली पोर ती, तिच्या मनाला लागेल असं मला काही करायचं नाही.

पोटाला सांभाळून गोदीतलं काम कर, आणि आक्काची आठवण ठेव.

सगुणा

*

मुंबई, माझगाव, ता. १९ नोव्हेंबर १९३३

ती. गं. भा. आक्काचे चरणी दयारामचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

यंत्र आवडलं हे वाचून जिवाला बरं वाटलं. तीन महिने मी ते दुकानाच्या काचेतून पाहत होतो. मनुबाईच्या चंचीचं वाचून गोदीच्या कचेरीत एकटाच हसलो, तर साहेबाने मान वर करून पाहिलं. केसरच्या लुगड्यांची गोधडी खुशाल कर. माझ्याने ती पेटी कधी उघडवली नाही. पण आक्का, दांडा स्वतः फिरवायची सवय कर. दुसऱ्याच्या हातावर काम ठेवू नकोस.

आता पुढचं लिहायला चार कागद फाडले. मैनेला इकडे आणायचं मी ठरवलं आहे. माघात येऊन घेऊन जाईन. चाळीजवळच मुलींची चांगली शाळा आहे. मुलगी मोठी होत चालली, बाप असताना आत्याकडे का, असं चारचौघं विचारतात. नीराचंही घर भरेल. तुला घर खायला उठू नये, हाताला काम आणि मनाला विरंगुळा राहावा, म्हणून यंत्र आधी धाडलं. तू समजूतदार आहेस. तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे.

लहान भावावरची माया कमी करू नये, ही विनवणी.

आपला आज्ञाधारक,
दयाराम

*

चौल, मार्गशीर्ष शुद्ध १५, शके १८५५

चि. दयारामास आशीर्वाद. पुढे लिहिता लिहिता राग येईल आणि ते द्यायचे राहतील, म्हणून आधीच लिहून टाकले.

तुझं पत्र आलं तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून मैनेलाच वाचायला सांगितलं. ही माझी चूक. दुसरीत गेल्यापासून दिसेल तो कागद मोठ्याने वाचायची तिला हौस. लुगड्यांपर्यंत ठसक्यात वाचलं. ‘मैनेला इकडे आणायचं’ इथे आली आणि थांबली. मग बोट ठेवून एकेक शब्द पुन्हा वाचला. रडली नाही. कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि परसात गेली.

यंत्र तू ओवाळणी म्हणून दिलंस. भावाची ओवाळणी बहिणीला परत करता येत नाही, नाहीतर हे धूड मी दुसऱ्याच दिवशी भागोजीच्या गाडीत घातलं असतं. तुला हे ठाऊक होतं, म्हणूनच भाऊबीज गाठलीस का? तेराव्याच्या दिवशी पोर माझ्या मांडीवर ठेवून तू म्हणालास की आक्का, ही आता तुझी, मला हिच्याकडे बघवत नाही. तेव्हा मी तुझ्याकडून काही लिहून घेतलं नाही. शेळीचं दूध कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजलं. गोवर निघाला तेव्हा नऊ दिवस तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. तू वर्षातून दोनदा येतोस, खाऊ आणतोस, आणि ती तुला पाहुण्यासारखं ‘अहो’ म्हणते. यात तुझा दोष आहे असं मी आजवर कधी बोलले नाही. आज बोलते.

त्या दिवसापासून ती सकाळी तोंड धुवायच्या आधी यंत्रापाशी जाऊन बसते. आज दत्ताची जत्रा, सगळं गाव डोंगरावर गेलं, पण ही हलली नाही. म्हणते, आते, मी गेल्यावर दांडा कोन फिरवंल, तुजा हात तं चालत न्हाय, बाबांना लिव तसं. तिने सांगितलं म्हणून लिहिलं. पण खोटं तुला कधी लिहिलं नाही, म्हणून हेही लिहिते. ती शाळेत गेली की मी एकटी बसते, आणि आता माझा डावा हात शहाणा झाला आहे. टीप सरळ येते. हे मी तिला सांगितलेलं नाही. ती दारात दिसली की मी पुन्हा दोन्ही हात कापडावर ठेवते.

बाप तू आहेस. माघात आलास तर मी दारात आडवी पडणार नाही. पण यंत्राने माझं भागेल असं मात्र मनात आणू नकोस. लुगड्यांना अजून कात्री लावलेली नाही.

नीराला माझे आशीर्वाद सांग. तिच्यावर माझा राग नाही.

सगुणा

*

मुंबई, ता. १७ डिसेंबर १९३३

आक्कांच्या पायांवर नीराचं डोकं.

मी बोलते आन हे लिवतात. मी बोलते तसंच लिवा म्हणून सांगितलंय, कारण शेजारची ठमी चौथीत हाय, ती मला नंतर वाचून दावणार हाय. तुमचं पत्र आलं तवा हे गोदीत व्हते. मी ठमीकडनं वाचून घेतलं. आक्का, यांनी मला सांगितलं व्हतं की तुम्ही दमल्या, तुम्हांलाच आता पोर सांभाळवत न्हाय, नेऊन टाका म्हणता. हे मी यांना लिवायला लावते. लिवताना मान खाली हाय, पन लिवतात.

मला पोर हवी व्हती. खोटं कशाला बोलू? तिच्यासाठी खुंटीसुदीक मारून ठेवली व्हती, खालच्या अंगाला, तिचा हात पुरंल अशी. पन दोन वेळा माझी मांडी रिकामी झाली, तवा रिकामी मांडी काय असते ती मला ठावं हाय. ती तुम्हांला देऊन मला आई व्हायचं न्हाय. माघात हे येनार न्हाईत. तुम्ही व्हय म्हणाल तं मी एकलीच येईन, न्यायला न्हाय, ऱ्हायला. तिनं मला एकदा बघावं, एवढंच.

केसरबायच्या लुगड्यांना मी येईस्तवर कात्री लावू नका. उरणला माहेरी मी लय गोधड्या घातल्यात. मला तेवढं काम द्या.

तुमची धाकटी,
नीरा

ता. क. वरचं सगळं नीराने सांगितलं तसं लिहिलं आहे. एक शब्द गाळला नाही. आक्का, मी खोटं बोललो. — दयाराम

*

चौल, फाल्गुन वद्य ८, शके १८५५

चि. सौ. नीरास आक्काचे आशीर्वाद. तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. मैनेने त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आहे, ते पाच वेळा पाहिलं.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. माघात तू भागोजीच्या गाडीतून उतरलीस तेव्हा मी मैनेचा हात घट्ट धरून उभी होते. तू महिनाभर राहिलीस आणि एकदाही तिला मुंबईच्या गोष्टी सांगून भुलवलं नाहीस. यंत्रावर तुकडे जोडून झाले, तिन्ही लुगड्यांचे थर एकावर एक घातले आणि यंत्राची सुईच मोडली. मग आपण दोघी समोरासमोर बसून हाताने टाके घालत होतो, तेव्हा तू केसरबद्दल विचारलंस. ती कशी हसायची, तिला काय आवडायचं. सात वर्षांत तिचं नाव इतक्या मायेने कुणी काढलं नव्हतं. मैना दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटच्या कोपऱ्यात तू चिमूटभर तांदूळ घातलेस, तुमच्याकडे पांघरूण उपाशी ठेवत नाहीत म्हणून, तेव्हा ती आपणहून तुझ्याजवळ येऊन बसली.

त्यानंतर एकदा तिने मला विचारलं की मी नीरामायसंगं गेले तं तू रागावशील काय. दयारामने मागितली तेव्हा मला फक्त माझं घर दिसत होतं, कारण कुणीतरी ओढून नेतंय असं वाटत होतं. तू ओढायला आली नव्हतीस. तेव्हा मला पोरीचं दिसायला लागलं. तिला आई हवी आहे, आणि ती मिळण्यासारखी आहे. म्हणून होळीनंतर मीच विषय काढला. तू तीन वेळा नको म्हणालीस. तू नको म्हणालीस म्हणूनच मला हो म्हणता आलं.

बंदरावर मी रडले नाही, त्याचा अर्थ काढू नकोस. कालपर्यंत यंत्राला हात लावला नव्हता. आज नवी सुई बसवून मनुबाईच्या नातवाचं दुपटं घेतलं आहे. चौकोनाला चौकोन नीट बसतो, त्यात वेळ जातो. बरं वाटतं असं मात्र लिहिणार नाही.

मैनेला माठाची भाजी आवडत नाही, पण लसणाची फोडणी दिली तर खाते. वेणी घट्ट घालू नकोस, डोकं दुखतं तिचं. वैशाखात पावसाआधी, बोटी चालू असेतो तिला महिनाभर माझ्याकडे धाड. दयारामला सांग, राग गेला आहे, पण त्याने स्वतः येऊन माझ्यापुढे बसल्याशिवाय तसं मी त्याला सांगणार नाही.

हे पत्र ठमीकडून वाचून घे, मैनेला वाचायला देऊ नकोस. एक शेवटचं. झोपेत ती मधूनच आई म्हणून हाक मारते. कुणाला मारते ते तिलाही ठाऊक नाही. आजवर ओ मी देत आले. आता तू दे.

तुझी,
सगुणाआक्का